चेंडू हातात नसताना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेच्या क्रीडांगणावर एक लहानशी गोष्ट घडली. तीत कोणास इजा झाली नाही की कोणास पारितोषिक मिळाले नाही. म्हणून ती वार्षिक अहवालाच्या पानांत येणार नाही. तथापि त्या गोष्टीने आम्हांस स्वतःविषयी जे शिकविले, ते आमच्या वीस वर्षांच्या अध्यापनानेही शिकविले नव्हते. सबब ती विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

चिकलठाण्याची जमीन काळी. मृग नक्षत्रात दोन सरी पडल्या की आमच्या मोठ्या मैदानाचा असा चिखल होतो की फुटबॉल तर राहोच, प्रार्थनेसाठी रांगा लावणेही कठीण व्हावे. केवळ बास्केटबॉलचे अंगण तेवढे सिमेंटचे. पाऊस थांबला की अर्ध्या तासात ते कोरडे होते, आणि मग सगळी शाळा तेथे जमते. एका बाजूस जालना रस्त्याची वर्दळ, दुसऱ्या बाजूस औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे पत्रे, आणि मधूनच विमानतळावर उतरणारे विमान इतके खाली येते की पाचवीची मुले खेळ विसरून त्याची चाके पाहू लागतात. अशा ठिकाणी आमचा बास्केटबॉलचा संघ दरवर्षी तयार होतो.

त्या संघात इयत्ता नववीतील एक मुलगा होता. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. वाचील तेव्हा तो स्वतःस ओळखीलच. संघात तो ‘पॉइंट गार्ड’ या जागी खेळे. ज्या पालकांस हा खेळ परिचित नाही त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद अंगणात प्रत्येक बाजूचे पाच गडी असतात. चेंडू आपल्या अर्ध्या अंगणातून आठ सेकंदांच्या आत पलीकडे न्यावा लागतो. तो हातात धरून पळता येत नाही, जमिनीवर टप्पे देत न्यावा लागतो. हे टप्पे देण्याचे, ज्यास मुले ड्रिबल म्हणतात, कसब ज्याच्या हाती अधिक, आणि ज्याची नजर चौफेर फिरती, त्याच्याकडे ही जबाबदारी सोपविण्यात येते. तो चेंडू आणतो, बोटांनी खूण करून कोणी कोठे धावावे हे सांगतो, आणि योग्य क्षणी योग्य गड्यास चेंडू देतो. बैलगाडीस जसा गाडीवान, तसा संघास पॉइंट गार्ड.

आमचा हा विद्यार्थी खरोखर उत्तम गाडीवान होता. चेंडू जणू त्याच्या तळहातास दोरीने बांधला आहे असे वाटे. दोन वर्षे संघाचे सारे खेळणे त्याच्या हातून चालले. सामना पाहावयास येणारे लोक इतर चौघांची नावे विचारीत नसत.

आणि येथेच आमची पहिली कबुली. त्याचा खेळ पाहून आम्हांस जो आनंद होई तो निःस्वार्थी नव्हता. आम्ही स्वतः विद्यार्थिदशेत हीच जागा खेळलो आहो. नगरकडील एका मिशन वसतिगृहात आमचे शिक्षण झाले. तेथे अभ्यासात आम्ही मध्यम, परंतु चेंडू हाती आला म्हणजे मात्र आम्ही कोणी तरी आहो असे वाटे. त्या मुलात आम्ही आमचे हरवलेले पोरपण पाहत होतो.

गेल्या जूनमध्ये शाळेत एक तरुण क्रीडाशिक्षक नव्याने रुजू झाले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात संघाची जुनी पद्धत मोडली. नव्या पद्धतीचे नियम त्यांनी मुलांस तीनच सांगितले. पाचही गड्यांनी लांब फेकीच्या कमानीबाहेर, एकमेकांपासून अंतर राखून उभे राहावे. ज्याच्याकडे चेंडू येईल त्याने मनात दोन म्हणेपर्यंत काही तरी करावे. फेकावा, द्यावा, किंवा कड्याकडे घुसावे. आणि चेंडू दिल्यावर कोणी जागेवर उभे राहू नये. सरळ कड्याकडे धाव घ्यावी, चेंडू परत न मिळाल्यास दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात जावे, आणि मागे रिकामी झालेली जागा शेजाऱ्याने भरावी. म्हणजे गाडीवान असा कोणी राहिलाच नाही. ज्याच्या हाती चेंडू पडेल त्याने त्या घटकेपुरते गाडी हाकावी.

आमच्या विद्यार्थ्याची अवस्था काय झाली असेल ती वाचकांनी कल्पावी. काल जो चेंडूवाचून क्षणभर नसे, तो आज चेंडू देऊन कोपऱ्यात जाऊन उभा राहू लागला. सवयीने त्याचे हात पुढे येत आणि रिकामे मागे जात. पहिले तीन आठवडे तर सगळाच गोंधळ होता. दोघे दोघे एका जागी धावत, चेंडू रिकाम्या हवेत जाई, आणि कंपासमधील बिगारी शाखेत शोभावे असे खेळणे चाले. मुलगा घरी गप्प राहू लागला. एके दिवशी सराव अर्धवट सोडून तो निघून गेला.

आम्हांस राग आला, आणि तो आम्ही शिक्षककक्षात बोलूनही दाखविला. “चांगले चाललेले मोडण्यात काय शहाणपण?” असे आम्ही त्या तरुण शिक्षकांस विचारले. त्यांनी वाद घातला नाही. खणातून एक वही काढली व आमच्यापुढे ठेवली. रुजू होण्यापूर्वी त्यांनी आमच्या संघाचे मागील वर्षीचे सामने कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर चित्रित केलेले पाहिले होते, आणि प्रत्येक गड्याच्या हाती चेंडू किती वेळा आला त्याच्या उभ्या रेघा ओढल्या होत्या. आमच्या विद्यार्थ्याच्या नावापुढे रेघांचे रान माजले होते. एका मुलाच्या नावापुढे संपूर्ण पूर्वार्धात एकही रेघ नव्हती.

“सर, हा मुलगा पूर्वार्धभर धावला आहे,” ते म्हणाले. “चेंडूला त्याचा हात एकदाही लागला नाही. आणि त्याच सामन्यात समोरच्यांनी दोन गडी आपल्या गार्डवर घातले तेव्हा आपला खेळ तिथेच संपला.”

त्या कोऱ्या जागेकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. उत्तर सुचले नाही म्हणून वही मिटून परत दिली.

पुढच्या शनिवारी मुलाचे वडील शाळेत आले. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते पुष्कळ वर्षे लेथवर काम करतात. कामावरून थेट आल्यामुळे हातास तेलाचा वास होता, म्हणून ते खुर्चीवर बसावयास संकोचत होते.

“सर, पोरगं नीट जेवत नाही,” ते म्हणाले. “म्हणतं, माझं काम काढून घेतलं. तुम्ही नव्या सरांना सांगून बघा ना.”

“आम्ही सांगून पाहिले, भाऊ,” आम्ही म्हणालो, “पण त्यांचेही चूक आहे असे म्हणवत नाही.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग आपल्याच हातांकडे पाहत म्हणाले, “माझ्या बाबतीत असंच झालं होतं. हाताची लेथ काढली आणि कॉम्प्युटरची आणली. मला तर वाटलं, आता आपण झाडू मारायचा. पूर्वी जॉब बिघडायला लागला की हाताला कळायचं. नवीन मशीनला सगळं आधी सांगावं लागतं. मग लक्षात आलं, जे हाताला कळायचं तेच तिला सांगायचं आहे. नवीन पोरांना बटणं येतात, पण धातू कुठं धरतो ते येत नाही. ते मलाच विचारतात.”

“मग हेच तुम्ही मुलास का सांगत नाही?”

ते हसले. “बापाचं कोण ऐकतं, सर? तुम्ही सांगा.”

हे काम आमच्या गळ्यात पडले खरे. परंतु ज्या गोष्टीविषयी आमचेच मन स्वच्छ नव्हते ती दुसऱ्यास कशी सांगावी? म्हणून आम्ही प्रथम स्वतःची उजळणी केली. आम्ही महाविद्यालयात असताना, २००० साली, या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले. पूर्वी चेंडू पलीकडे नेण्यास दहा सेकंद मिळत ती आठ झाली; फेक करण्यास तीस सेकंद होती ती चोवीस झाली; वीस वीस मिनिटांचे दोन डाव जाऊन दहा दहा मिनिटांचे चार डाव आले. तो नियम आमच्या मैदानापर्यंत पोहोचला तेव्हा आम्ही त्यास नावे ठेविली. सावकाश चेंडू आणावा, सर्वांस उभे करावे, मग डाव मांडावा, ही आमची रीत होती. त्या रीतीस आता वेळ पुरेना. आम्ही रीत बदलली नाही. एका सामन्यात प्रतिपक्षाने अंगणाच्या मध्यरेषेपाशीच आम्हांस दोघांनी घेरले, आणि पंचांचा हात आठव्या सेकंदास वर गेला. असे एकदा नव्हे, तीनदा झाले. आमचे चार सोबती मोकळे उभे होते. ते हाका मारीत होते. आम्ही ऐकल्या नाहीत. तो सामना आम्ही हरलो, आणि दोष पंचांस दिला. ही दुसरी कबुली.

त्यानंतर आम्ही या खेळाचा इतिहास पुन्हा वाचावयास घेतला, आणि तेथे एक गोष्ट आढळली जी आम्हांस पूर्वी ठाऊक असूनही उमगली नव्हती. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने निर्माण केला. नेस्मिथ मूळचा कॅनडाचा. त्याने ईश्वरविज्ञानाचे अध्ययन केले होते. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही म्हणून चिडलेल्या अठरा विद्यार्थ्यांस बंद दालनात काही खेळावयास द्यावे, एवढीच त्याच्यापुढील अडचण होती. सज्ज्याच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या बांधल्या, तेरा नियम लिहिले, नऊ नऊ गडी उभे केले. पहिल्या सामन्यात चेंडू टोपलीत एकदाच पडला म्हणतात. त्या तेरा नियमांत एक असा होता की, चेंडू हाती येताच गड्याने तो घेऊन पळू नये, जेथे झेलला तेथूनच तो दुसऱ्याकडे टाकावा. म्हणजे आरंभी ड्रिबल नव्हताच! टप्पे देत नेण्याची युक्ती मागाहून खेळाडूंनी शोधली. पुढे अमेरिकेत प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी चेंडू उडविण्याची प्रथा होती, ती १९३७ साली बंद झाली. खेळ अखंड वाहू लागला, आणि चेंडू एका टोकाहून दुसऱ्या टोकास नेणाऱ्याचे महत्त्व वाढले. आम्ही ज्यास ‘जुनी पद्धत’ म्हणून कवटाळीत होतो ती वस्तुतः नंतरची. आणि तरुण शिक्षकांची ‘नवी पद्धत’ त्या पहिल्या टोपल्यांच्या अधिक जवळची होती.

एके दिवशी मधल्या सुटीत त्या मुलास आम्ही कडुनिंबाखाली बोलाविले. उपदेश केला नाही. दोन सामन्यांची हकीकत तेवढी सांगितली.

पहिला १९९१ सालचा. अमेरिकेच्या एन. बी. ए. स्पर्धेच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्स व शिकागो बुल्स हे संघ समोरासमोर आले. लेकर्सकडे मॅजिक जॉन्सन. सारा खेळ ज्याच्या हातून जावा अशा पॉइंट गार्डचा तो मुकुटमणी. बुल्सकडे मायकेल जॉर्डन होता खरा. परंतु त्यांचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी आपले वयोवृद्ध साहाय्यक टेक्स विंटर यांची त्रिकोणी पद्धत स्वीकारली होती. तीत तीन गडी एका बाजूस त्रिकोण करून उभे राहतात, दोन पलीकडे. प्रतिपक्ष जसा सरके तसा चेंडू फिरतो, आणि गार्डाने तो दिल्यावर बहुधा दूर जाऊन थांबावयाचे असते. बुल्सचा गार्ड जॉन पॅक्सन हा असा थांबणारा. पाचव्या सामन्याच्या अखेरीस लेकर्सचे सारे गडी जॉर्डनकडे धावले तेव्हा चेंडू मोकळ्या पॅक्सनकडे येत गेला, आणि तो एकामागून एक बास्केट करीत गेला. त्या सामन्यात त्याचे वीस गुण झाले व मालिका बुल्सनी जिंकली.

दुसरा १९९७ सालचा. पुन्हा अंतिम मालिका. या वेळी प्रतिपक्ष युटा जॅझ. सहाव्या सामन्यात गुण समसमान, अखेरचे काही सेकंद उरलेले. जॉर्डनवर दुसरा गडी धावून आला, जॉर्डनने चेंडू स्टीव्ह करकडे दिला, आणि करने तो कड्यात टाकला. जेतेपदाची फेक ती.

मुलगा ऐकत होता. मग त्याने विचारले, “सर, पण कर तोपर्यंत काय करत होता?”

“उभा होता,” आम्ही म्हणालो. “पण कोठे उभे राहावे हे त्याला ठाऊक होते, आणि हात तयार होते.”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सरावास आला.

येथे कोणी असे समजू नये की नवी पद्धत म्हणजे नेहमी एकाचे काढून चौघांस वाटणे. आपल्या खो-खोत नेमके उलट घडले आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली ज्या खेळास नियमांत बांधले, त्यात पाठलाग करणाऱ्याने एक दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. सर्वांस सारखेच बंधन. २०२२ साली पुण्याजवळ बालेवाडीस ‘अल्टिमेट खो-खो’ स्पर्धेचा पहिला हंगाम झाला, त्यात ‘वजीर’ नावाची नवी जागा आली; या एका गड्यास कोणत्याही दिशेस धावण्याची मुभा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्याच खेळाडूंच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरविले. तात्पर्य, पद्धत कधी एका गड्यास मोकळे करते, कधी बांधते. गड्याचा कस दोन्ही वेळा लागतो. आणि मोकळीक मिळाली असता शहाणपण लागते तितकेच ती गेली असताही लागते.

हळूहळू आमच्या लक्षात आले की त्या मुलाचे काम गेले नव्हते. त्याने रूप पालटले होते. पूर्वी तो हाताने खेळवी, आता तोंडाने व पायांनी खेळवू लागला. “कोपरा रिकामा!” “मागे बघ!” अशा त्याच्या हाका सर्व अंगणभर ऐकू येत. कोठे दोघे एका जागी आले की तो स्वतः सरकून अंतर मोकळे करी. आपल्या बाजूचा चेंडू गेला तर सर्वांआधी मागे धावून कडे राखणारा तोच. चेंडू घेऊन सावकाश जावे की धावत सुटावे, हे आताही तोच ठरवी. फरक एवढाच की पूर्वी ते पाहणाऱ्यांस दिसे, आता दिसत नसे.

आणि ज्याच्या नावापुढे रेघ नव्हती तो मुलगा? तो आठवीतला, अबोल, हडकुळा. त्यास कोपऱ्यातून फेक करता येते हे संघात कोणास माहीत नव्हते. बहुधा त्यासही नसावे. आमचा विद्यार्थी सराव संपल्यावर अंधार पडेपर्यंत त्यास चेंडू देत उभा राही. हे त्यास कोणी सांगितले नव्हते.

आंतरशालेय स्पर्धेत आमचा संघ दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. त्या फेरीत अखेरच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो व चेंडू आमच्या विद्यार्थ्याकडे होता. प्रतिपक्षाचे दोन गडी त्याच्यावर धावून आले. बाहेर आमचा श्वास रोखला गेला. पंचवीस वर्षांपूर्वीची ती मध्यरेषा डोळ्यांपुढे उभी राहिली. परंतु त्याने मान वर केली, आणि चेंडू दोघांच्या मधून कोपऱ्यातील त्या अबोल मुलाकडे गेला. मुलाने फेक केली. चेंडू कड्यावर आदळला, एक फेरा फिरला आणि बाहेर पडला. आम्ही हरलो.

घरी परतताना बसमध्ये काही पालक म्हणत होते की जुन्या पद्धतीने खेळलो असतो तर त्याने स्वतः फेक करून सामना जिंकून दिला असता. असेलही. तसे झाले नसते असे आम्ही छातीस हात लावून सांगू शकत नाही. आम्ही पाहिले ते एवढेच: शिट्टी वाजताच तो अबोल मुलगा तोंड झाकून खाली बसला होता, आणि त्याच्याजवळ सर्वांआधी पोहोचला तो आमचा विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्यास हळूच विचारले, “वाईट वाटले का रे?”

“वाटलं, सर,” तो म्हणाला. “पण तो मोकळा होता. पुढच्या वेळीही त्यालाच देईन.”

असो. आता शेवटची कबुली. त्याच आठवड्यात आम्ही एक कोरी वही घेतली, आपल्या मराठीच्या तासास आलेल्या मुलांची नावे लिहिली, आणि आठ दिवस जो जो मुलगा वर्गात काही बोलला, विचारला, वाचला, त्याच्या नावापुढे एक एक रेघ ओढली. पुढच्या बाकावरील चौघांच्या नावांपुढे रेघांचे रान होते. अर्ध्याहून अधिक नावे कोरी राहिली. आणि सर्वांत अधिक बोलणारा जो होता त्याचे नाव आम्ही यादीत लिहिलेच नव्हते. कारण तो आम्ही स्वतः.

वीस वर्षे चेंडू आमच्याच हाती होता. मुले मोकळी उभी होती, कित्येक हाकाही मारीत असतील.

या वर्षी आम्ही आपली रीत बदलण्याचा यत्न करीत आहो. पाठ आता मुले वाचतात, प्रश्न मुले काढतात, आणि आम्ही पुष्कळदा वर्गाच्या मागील कोपऱ्यात जाऊन उभे राहतो. पहिले काही आठवडे गोंधळ फार झाला. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी दोनदा डोकावून पाहिले. आमचे हात सवयीने पुढे येतात आणि रिकामे मागे जातात. वही मात्र चालू आहे, आणि कोऱ्या नावांची संख्या दर आठवड्यास थोडी थोडी घटत आहे. ज्यांची नावे अद्याप कोरी आहेत त्यांनी हे वाचले असल्यास एवढेच समजावे की, आमचे तुमच्याकडे लक्ष आहे, आणि चेंडू तुमच्याकडे येणार आहे. हात तयार ठेवा.